जेवणाआधी एक आकडा, जेवणानंतर एक

मधुमेहाचं निदान झालेला माणूस माझ्यासमोर येऊन बसतो, तेव्हा बहुतेक वेळा पहिला प्रश्न एकच असतो: "आता काय काय बंद करू?" मी आहारतज्ज्ञ आहे, रोज हाच प्रश्न ऐकते आणि त्याचं उत्तर मुद्दाम लांबणीवर टाकते. बंद करायच्या पदार्थांची यादी हातात पडली की ती पंधरा दिवस कसोशीने पाळली जाते. मग एखादा समारंभ येतो, एखादा प्रवास येतो, यादी मोडते आणि मोडली की मोडलीच. शिवाय यादी सगळ्यांना सारखी असते, साखर मात्र सगळ्यांची सारखी वाढत नाही. तोच वाटीभर भात एकाची साखर चाळीसने वर नेतो आणि दुसऱ्याची नव्वदने. तुमच्या बाबतीत काय होईल ते मी तुमच्याकडे पाहून सांगू शकत नाही, तुमचे डॉक्टरही नाही. ते मोजावंच लागतं.

म्हणून मी यादीऐवजी एक वही करायला सांगते आणि साखर जोडीने मोजायला शिकवते: एकदा जेवणाआधी, एकदा जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी. ताटात काय किती घ्यायचं, केव्हा चालायचं, एखादा बदल उपयोगी पडला की नाही, हे सगळं या दोन आकड्यांच्या फरकावरून कळतं.

हे लिखाण टाइप २ मधुमेह असलेल्या प्रौढांसाठी आहे. टाइप १ मध्ये शरीर इन्सुलिन जवळजवळ तयारच करत नाही, त्यामुळे ते कधीच थांबवायचं नसतं, आहार कितीही काटेकोर असला तरी. गरोदरपणातल्या मधुमेहात साखरेची लक्ष्यं जास्त कडक असतात. या दोघांनी जोडीने मोजण्याची पद्धत जरूर घ्यावी, पण आकड्यांचा अर्थ आपल्या डॉक्टरांकडून लावून घ्यावा.

वहीचं पहिलं पान

पहिल्या पानावर सध्याची स्थिती लिहा. उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी), वजन, कमरेचा घेर, रक्तदाब आणि चालू असलेली सगळी औषधं.

उपाशीपोटीची साखर १२६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा जास्त, अथवा एचबीएवनसी ६.५ टक्के किंवा जास्त असेल तर मधुमेह धरतात. स्पष्ट लक्षणं नसतील तर निदान पक्कं करायला दुसरी तपासणी लागते. उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा एचबीएवनसी ५.७ ते ६.४ हा अमेरिकन निकषांनुसार मधुमेहाच्या उंबरठ्यावरचा टप्पा. मीटरवर मिलिमोलमध्ये आकडे येत असतील तर त्यांना १८ ने गुणा.

एचबीएवनसीला लोक "तीन महिन्यांची साखर" म्हणतात आणि ते ठीकच आहे. तांबड्या रक्तपेशी साधारण १२० दिवस जगतात आणि त्या काळात हिमोग्लोबिनला किती ग्लुकोज चिकटलं हे ही तपासणी सांगते. ७ टक्के म्हणजे सरासरी साखर १५४ च्या आसपास, ८ टक्के म्हणजे १८३ च्या आसपास. पण ही सरासरी आहे. दिवसभर १५० असलेला माणूस आणि ७० ते २५० मध्ये हेलकावे खाणारा माणूस यांचा एचबीएवनसी एकच येऊ शकतो. रक्तक्षय असेल तर हा आकडा फसवाही असतो: लोहाच्या कमतरतेत तो खोटा वाढलेला दिसू शकतो, रक्तस्राव होत असेल तर खोटा कमी. घरच्या मीटरचे आकडे आणि एचबीएवनसी यांचा मेळ बसत नसेल तर हे कारण डॉक्टरांना विचाराच.

बहुतेक प्रौढांसाठी जेवणाआधी ८० ते १३०, जेवणानंतर १८० च्या आत आणि एचबीएवनसी ७ च्या आत हे लक्ष्य असतं. वय बरंच झालेलं असेल, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, साखर वारंवार खाली जात असेल, तर डॉक्टर हे लक्ष्य सैल करतात. ऐंशी वर्षांच्या माणसाला तिशीतल्या माणसाचं लक्ष्य लावणं धोक्याचं असतं.

औषधांच्या यादीत प्रत्येक नावापुढे एक गोष्ट डॉक्टरांना विचारून लिहा: या औषधाने साखर प्रमाणाबाहेर खाली जाऊ शकते का? इन्सुलिनने जाते. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गटातल्या गोळ्यांनी जाते. नुसत्या मेटफॉर्मिनने सहसा जात नाही. हे इतक्या सुरुवातीला सांगण्याचं कारण असं की, आहार आणि चालणं खरोखर परिणाम करतं. औषधाचा डोस जुन्या खाण्यावर बेतलेला असतो. तुम्ही उत्साहाने भात निम्मा केलात, रोज चालू लागलात आणि गोळी तीच राहिली, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. एम्पाग्लिफ्लोझिन किंवा डापाग्लिफ्लोझिन घेत असाल तर पिष्टमय पदार्थ (भात, पाव, पीठ, बटाटा) एकदम तोडणं आणि लांबलचक उपास हे दोन्ही टाळा. या औषधांवर असताना, मीटरवर साखर फारशी वाढलेली दिसत नसतानाही, रक्तात आम्ल साठण्याचा गंभीर प्रकार होऊ शकतो. बदल सुरू करण्याआधी डॉक्टरांना एक फोन करा.

जोडी कशी मोजायची

हात साबणाने धुऊन कोरडे करा. नुसतं स्पिरिट पुसून भागत नाही, कारण फळ सोललेल्या बोटावर साखर राहते आणि मीटर तीही मोजतं. मला दाखवलेले कित्येक चक्रावणारे आकडे हात धुऊन पुन्हा मोजल्यावर सरळ झालेले आहेत. सुई बोटाच्या पेराला मध्यभागी न टोचता कडेला टोचा, तिथे दुखतं कमी. थेंब यायला बोट जोरात पिळू नका, हात खाली सोडून थोडा हलवा. स्ट्रिपची मुदत आणि डबीचं झाकण तपासा, दमट हवेत उघड्या राहिलेल्या स्ट्रिप चुकीचा आकडा देतात.

घरगुती मीटर अगदी नेमकं नसतं हेही लक्षात असू द्या. आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० च्या वरचे बहुसंख्य आकडे प्रयोगशाळेच्या आकड्याच्या १५ टक्के इकडेतिकडे आले तरी ते मान्य धरले जातात. म्हणजे काल १५२ आणि आज १६१ हा फरक फरकच नाही. त्यावर आनंद किंवा दुःख करू नका. १५२ आणि २१० हा मात्र फरक आहे.

रोज दहा वेळा बोट टोचायची गरज नाही. एक जेवण निवडा. तीन दिवस त्याच जेवणाच्या आधी आणि नंतर मोजा, नेहमीसारखंच जेवा, काही सुधारू नका. हे तीन दिवस फार मोलाचे असतात आणि लोक नेमके तेच गाळतात, कारण वहीत वाईट आकडा लिहिणं त्यांना नको असतं. मी सांगते, वाईट आकडाच कामाचा. वहीत वेळ, जेवणाआधीचा आकडा, ताटात काय होतं ते वाटी-चमच्याच्या मापात, जेवणानंतर काय केलं (बसून राहिलो, झोपलो, चाललो) आणि दोन तासांनंतरचा आकडा, एवढं लिहा. रात्री झोप कमी झाली असेल, भांडण झालं असेल, सर्दीताप असेल तर तेही कडेला लिहा.

समजा या तीन दिवसांत साधारण आधी १३२ आणि नंतर २२१ आला. वाढ ८९. आता एकच गोष्ट बदलायची. चौथ्या दिवशी तेच जेवण, पण भात निम्मा आणि त्या जागी भाजी व डाळ दुप्पट. समजा वाढ ५० वर आली. पाचव्या दिवशी तेच ताट आणि जेवणानंतर पंधरा मिनिटं चालणं, समजा वाढ ३०. आता तुमच्या हातात तुमच्या शरीराचं स्वतःचं उत्तर आहे. चाळीस-पन्नासच्या आतली वाढ मी कामचलाऊ म्हणून चांगली धरते. एकाच दिवशी चार गोष्टी बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही आणि माणूस पुढे चारही सांभाळायला जाऊन दमतो. म्हणून एका वेळी एकच. आठवडाभराने दुसरं जेवण निवडा.

काही जणांकडे साखर सतत मोजणारा, दंडावर लावायचा सेन्सर असतो. तो असेल तर उत्तमच, आलेख सतत दिसतो. पण प्रयोगाची रीत तीच: ताट लिहायचं, एक बदल करायचा, फरक पाहायचा.

ताट

साधारण नऊ इंचांचं ताट घ्या. निम्मं पिष्ट नसलेल्या भाज्यांनी भरा: पालेभाज्या, कोबी, फ्लॉवर, टोमॅटो, काकडी, वांगी, भोपळी मिरची, घेवडा. पाव हिस्सा प्रथिनं: डाळी, कडधान्यं, अंडी, मासे, कोंबडी, टोफू, घट्ट दही. उरलेला पाव हिस्सा भात, पाव, पिठाचे पदार्थ, मका, बटाटा यांच्यापैकी कशाला तरी. बटाटा, रताळं आणि मका भाज्यांच्या दुकानात मिळतात म्हणून भाजीच्या अर्ध्या भागात शिरतात. त्यांची जागा भाताशेजारी आहे, आणि एका ताटात दोघांपैकी एकच.

"मी गोड खातच नाही, चहातली साखरही सोडली, तरी वाढते कशी?" हे वाक्य मला अतिशय प्रामाणिकपणे सांगितलं जातं, आणि ते खरंही असतं. भात, पाव, पीठ यांतलं पिष्ट पोटात गेल्यावर ग्लुकोजच होतं. जिभेला गोड लागलं नाही म्हणून रक्ताला फरक पडत नाही. मध, खजूर, ब्राउन शुगर यांनी साखरेची जागा घेतली तरीही तेच. "शुगर फ्री" बिस्किटात साखर नसली तरी मैदा असतोच.

पिष्ट पूर्ण सोडा असं मी बहुतेकांना सांगत नाही, कारण ते महिना-दोन महिनेच टिकतं. प्रमाण कमी करा आणि दर्जा बदला. कोंड्यासकट धान्य, भरड दळलेलं पीठ, अख्खे दाणे हे बारीक पिठापेक्षा हळू पचतात. तेच धान्य पण जितकं बारीक आणि जितकं मऊ शिजवलेलं, तितकी साखर झपाट्याने चढते. झटपट शिजणारे ओट्स आणि जाड ओट्स यांची जोडी मोजून पाहा, बहुतेकांना फरक वहीतच दिसतो. पण "हे धान्य मधुमेहाला चालतं" असं कोणी सांगितलं म्हणून ते दुप्पट खाऊ नका. कोणत्याही धान्याचं प्रमाण वाढलं की त्याचा दर्जा कामी येत नाही. डाळी-कडधान्यांतही पिष्ट असतं, मात्र सोबत तंतू आणि प्रथिनं असल्याने त्यांचा वेग बराच कमी.

खाण्याचा क्रम बदलणं ही मला सगळ्यात आवडती सूचना, कारण तिच्यात काहीच सोडावं लागत नाही. आधी भाजी आणि प्रथिनं खा, भात किंवा पाव शेवटी. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेलमध्ये टाइप २ मधुमेह असलेल्या लोकांवर झालेला एक छोटा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. तेच जेवण, फक्त क्रम उलटा, आणि तासाभरानंतरची साखर एक-तृतीयांशाहून अधिक कमी आली. अभ्यास लहान होता, पण हे स्वतःवर करून पाहायला तुम्हाला दोन स्ट्रिपच लागतात.

पूर्ण बंद करा असं मी एकाच गोष्टीबद्दल सांगते: गोड पेयं. शीतपेय, गोड सरबत, पाकिटातला रस आणि घरी काढलेला ताजा रससुद्धा. ग्लासभर संत्र्याच्या रसात तीन-चार संत्री जातात, तंतू मागे राहतात आणि साखर काही मिनिटांत रक्तात पोचते. अख्खं संत्रं खाल्लंत तर दुसऱ्यालाच पोट भरतं. फळं बंद करू नका. एका वेळी एक लहान फळ, जेवणाच्या शेवटी नव्हे तर दोन जेवणांच्या मध्ये, सोबत मूठभर दाणे किंवा बदाम.

तळलेल्या आणि तेलकट जेवणाबद्दल एक सावधगिरी. चरबीमुळे पचन लांबतं, म्हणून दोन तासांचा आकडा कधी कधी छान येतो आणि खरं शिखर तीन-चार तासांनी येतं. असं जेवण झालं असेल तर चार तासांनीही एकदा मोजा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं किती घ्यायची ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नका.

जेवण झालं की उठा

स्नायू आकुंचन पावतात तेव्हा त्यांच्या पेशींमधली ग्लुट-४ नावाची प्रथिनं आतून पृष्ठभागावर येतात आणि रक्तातलं ग्लुकोज आत ओढून घेतात. इन्सुलिनच्या इशाऱ्यानेही हेच घडतं, पण टाइप २ मध्ये तो इशारा पेशींना नीट ऐकू येत नाही. चालताना मात्र स्नायू इन्सुलिनची वाट पाहत नाहीत. मधुमेहात चालण्याचं इतकं महत्त्व कॅलरी जळतात म्हणून नाही, या वेगळ्या मार्गामुळे आहे. हे नीट समजलं की सकाळी पाऊस पडला म्हणून दिवस वाया गेला असं वाटत नाही, कारण चालण्याची सर्वांत कामाची वेळ जेवणानंतरचीच आहे.

न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांनी टाइप २ मधुमेहींना एकदा दिवसातून कधीही सलग ३० मिनिटं चालायला सांगितलं आणि एकदा प्रत्येक मुख्य जेवणानंतर १० मिनिटं. एकूण वेळ तितकाच. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात जेवणानंतर चालण्याने जेवणोत्तर साखर सरासरी १२ टक्के कमी आली, आणि रात्रीच्या जेवणानंतर फरक सगळ्यात मोठा होता. रात्रीचं जेवण बहुतेकांचं सर्वांत जड असतं आणि त्यानंतरचं बसणं सर्वांत लांब, म्हणून मी सुरुवात तिथूनच करायला लावते. शेवटचा घास झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत दहा-पंधरा मिनिटं चाला. घाम यायला हवा असं नाही. घरात येरझाऱ्या घातल्या, भांडी घासली, जिना दोनदा चढला-उतरला तरी चालतं. गुडघे दुखत असतील तर खुर्चीत बसून पाय सरळ करणं, टाचा उचलणं, असं दहा मिनिटं करा आणि तेही मोजून पाहा.

याशिवाय आठवड्याला १५० मिनिटं भराभर चालणं किंवा तेवढ्याच मेहनतीचा व्यायाम हे लक्ष्य ठेवा. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतका वेग. व्यायामाने इन्सुलिनचा परिणाम सुधारतो तो दोन-तीन दिवसच टिकतो, म्हणून सलग दोन दिवसांहून जास्त खाडा नको. रविवारी दोन तास आणि मग आठवडाभर काही नाही, यातून तो फायदा मिळत नाही.

आठवड्यातून दोन-तीनदा ताकदीचे व्यायाम करा. वय वाढतं तसे स्नायू घटतात, आणि जेवणातून आलेलं बरंचसं ग्लुकोज साठवायची जागा स्नायूच आहेत. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं दहा वेळा, भिंतीला हात लावून जोर, रबरी पट्टा ओढणं, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. श्वास रोखून धरू नका. डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम झाला असेल तर जड वजन उचलण्याआधी नेत्रतज्ज्ञांना विचारा, जोर लावल्याने तिथे रक्तस्राव होऊ शकतो. छातीत दुखणं किंवा थोडं चालून धाप लागणं असेल तर आधी हृदयाची तपासणी, मग व्यायाम. जोरदार व्यायामानंतर साखर थोडा वेळ वर गेलेली दिसली तर घाबरू नका, त्या वेळी यकृत ग्लुकोज सोडतं आणि ती हळूहळू उतरते.

कामावर बसून असाल तर दर अर्ध्या तासाने दोन-तीन मिनिटं उभं राहा, चाला.

साखर खाली गेली तर

७० च्या खाली म्हणजे कमी साखर, ५४ च्या खाली म्हणजे गंभीर. हात थरथरतात, घाम फुटतो, धडधडतं, एकदम भूक लागते, माणूस चिडचिड करतो किंवा असंबद्ध बोलतो. शक्य असेल तर मोजा, मीटर हाताशी नसेल तर न मोजता उपाय करा. १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या: ग्लुकोजच्या गोळ्या, किंवा तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून, किंवा अर्धा ग्लास फळाचा रस. एरवी बंद केलेलं गोड पेय इथे औषध आहे. चॉकलेट किंवा मिठाई नको, त्यातल्या चरबीने साखर चढायला उशीर लागतो. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. मग पुढचं जेवण लांब असेल तर थोडं खा. अकार्बोज ही गोळी चालू असेल तर साधी साखर पुरेशी लवकर पचत नाही, ग्लुकोजच लागतं, ते जवळ बाळगा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका, रुग्णवाहिका बोलवा.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडच्या गटातल्या गोळ्या घेत असताना रिकाम्या पोटी दारू घेणं फार धोक्याचं. यकृत दारू पचवण्यात गुंततं, ग्लुकोज तयार करणं मागे पडतं आणि साखर मध्यरात्री झोपेत उतरते.

सकाळचा हट्टी आकडा

"रात्री जेवलोसुद्धा नाही, तरी सकाळी १६०!" ही तक्रार घेऊन येणारे सगळ्यात वैतागलेले असतात. पहाटेच्या सुमारास कॉर्टिसॉल आणि वाढीचं संप्रेरक यांचं प्रमाण चढतं, यकृत ग्लुकोज सोडतं आणि इन्सुलिन कमी पडत असल्याने ते रक्तात साठतं. यात तुमची काही चूक नसते. रात्रीचं जेवण लवकर आणि हलकं करणं, त्यानंतर चालणं, यांनी काहींना फायदा होतो. पण इथे औषधाची वेळ किंवा मात्रा बदलणं हाच उपाय असू शकतो आणि तो डॉक्टरांनीच करायचा असतो. उपाशी राहून हा आकडा पाडायचा प्रयत्न करू नका.

झोप हा इथला दुसरा धागा. काही रात्री सलग अपुरी झोप झाली तरी इन्सुलिनचा परिणाम घटतो, हे निरोगी लोकांतही दिसलेलं आहे. मोठ्याने घोरत असाल, झोपेत श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील, दिवसा डुलक्या येत असतील, तर झोपेतल्या श्वासरोधाची तपासणी करून घ्या. टाइप २ मध्ये तो बऱ्याच जणांना असतो.

आजारपणातही साखर वाढते, खाणं घटलं तरी. ताप-उलट्या असतील तर दर तीन-चार तासांनी मोजा, पाणी पीत राहा, इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नका. उलट्या थांबत नसतील तर मेटफॉर्मिन आणि एम्पाग्लिफ्लोझिनच्या गटातली औषधं तात्पुरती थांबवायची का, हे त्याच दिवशी विचारा.

वजन

वजन जास्त असेल तर ५ ते ७ टक्के घट झाली तरी साखर आणि रक्तदाब दोन्ही हलतात. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांसाठी तर ही फार मोठी संधी आहे. अमेरिकेतल्या डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ साली आले. ७ टक्के वजनघट आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम हे उद्दिष्ट ठेवलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन घेणाऱ्या गटात ३१ टक्क्यांनी.

मधुमेह झालेल्यांसाठीही आशा आहे. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' (DiRECT) नावाच्या चाचणीत सहा वर्षांच्या आत निदान झालेले, इन्सुलिन न घेणारे लोक होते. सुरुवातीचे काही महिने दिवसाला साधारण ८५० कॅलरींचा आहार देखरेखीखाली दिला गेला. वर्षाअखेरीस ४६ टक्के लोकांचा एचबीएवनसी औषधाशिवाय ६.५ च्या खाली होता, आणि ज्यांचं वजन १५ किलो किंवा जास्त उतरलं त्यांच्यापैकी ८६ टक्क्यांचा. दोन वर्षांनी हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आलं, कारण वजन परत चढलं तसा मधुमेहही परतला. ज्यांना नुकतंच निदान झालंय त्यांना मी हे आवर्जून सांगते: पहिली काही वर्षं सर्वांत मोलाची आहेत. पण इतका कमी आहार घरच्या घरी, औषधं तशीच ठेवून करायचा नसतो. मूळचंच वजन कमी असेल तर वजन उतरवू नका. वजन आपोआप घटत असेल तर ते डॉक्टरांना लगेच सांगा.

पाय

इथे मी थोडी जास्त थांबते. माझ्या वडिलांना बरीच वर्षं मधुमेह होता आणि त्यांच्या तळव्यांची संवेदना गेली होती. बुटात शिरलेला एक खडा दिवसभर पायाखाली राहिला, त्यांना कळलंच नाही. संध्याकाळी मोज्यावर डाग दिसला. ती जखम भरायला कित्येक महिने लागले.

रोज रात्री दोन्ही तळवे, टाचा आणि बोटांच्या बेचक्या पाहा. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा किंवा घरच्यांना पाहायला सांगा. बूट घालण्याआधी आत हात फिरवा. घरातही अनवाणी फिरू नका. पाणी किती गरम आहे ते पायाने न पाहता कोपराने पाहा, आणि गरम पाण्याची पिशवी पायाला लावू नका. मलम लावायचं तर बोटांच्या मध्ये नको. भोवरी ब्लेडने कापू नका. फोड, लालसरपणा, एकाच ठिकाणी गरमपणा दिसला तर दुखत नाही म्हणून थांबू नका, न दुखणं हेच तिथलं भय आहे. दुसऱ्या दिवशी दाखवा. धूम्रपान चालू असेल तर पायांच्या रक्तवाहिन्यांसाठी ते सोडण्याइतका मोठा उपाय दुसरा नाही.

वही घेऊन डॉक्टरांकडे

वर्षातून एकदा पडदा तपासणारी नेत्रतपासणी, मूत्रपिंडांसाठी लघवीतील अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल, पायांची संवेदना आणि दात-हिरड्या. टाइप २ मध्ये नेत्रतपासणी निदान झाल्याबरोबर लागते, कारण निदानाच्या कितीतरी आधीपासून साखर वाढलेली असू शकते. रक्तदाब बहुतेकांसाठी १३०/८० च्या खाली. एचबीएवनसी आटोक्यात येईपर्यंत दर तीन महिन्यांनी, नंतर सहा महिन्यांनी.

भेटीला जाताना वहीतली पानं उघडी ठेवून न्या. शेवटच्या दोन आठवड्यांतल्या जोड्या आणि ७० च्या खालच्या सगळ्या नोंदी लाल पेनाने गोल करा. डॉक्टरांना विचारायचं ते घरूनच लिहून घ्या: इतकी वाढ आता होत नाही, तर गोळी कमी करता येईल का? सकाळचा आकडा का उतरत नाही? मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू आहे, तर बी-१२ जीवनसत्त्व तपासायचं का? आणि औषध कमी झालं तर त्या दिवसापासून दोन आठवडे निवडलेल्या जेवणाची जोडी पुन्हा मोजायला सुरुवात करा.